दर शंभरावं पाकीट

९ ऑगस्ट, रविवार. स्वयंपाकघराचा माळा उपसायला काढला आहे. पावसाळ्यात धान्याचं काय होतं, हे शिकायचा मला तेरा वर्षं पगार मिळालेला असल्यामुळे मी घरात साठवण करत नाही. तरी मागच्या कोपऱ्यातून एक जुना स्टीलचा डबा निघाला. झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं. आत वाटाणे होते. म्हणजे कधीकाळी होते. आता प्रत्येक वाटाण्याला एक गोल भोक, तळाला बोटभर पिवळट पीठ आणि त्या पिठात मेलेल्या भुंग्यांचा थर. वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला.

"काय मेलंय?" नवऱ्याने विचारलं.

"वाटाणे."

"मग फेकून दे की डब्यासकट."

डबा फेकता येत नाही, कारण तो माझा नाही. तो रामटेकेबाईंचा आहे. बाई गेल्या महिन्यात नागपूरला वारल्या. त्यांच्या मुलीचा काल संध्याकाळी फोन आला होता, आणि त्या फोनवर मी जे बोलले त्याची किळस या डब्यातल्या किळसेपेक्षा जास्त आहे. म्हणून माळा अर्धा टाकून लिहायला बसले.

रामटेकेबाई कुठल्याही ढिगाच्या वरून कधी काही उचलायच्या नाहीत. मंडईत त्यांच्याबरोबर एकदा गेले आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवून परत आले. बटाट्याच्या ढिगात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, तळातला एक बटाटा ओढला आणि वरचे पंधरा-वीस घरंगळत लोकांच्या पायांत गेले.

"बाई, बटाटे न्यायला आलात का विहीर खणायला?" भाजीवाला म्हणाला.

बाईंनी ओढलेला बटाटा नाकाशी नेला, कारलं चावल्यासारखं तोंड केलं आणि तो त्याच्यापुढे धरला. एका बाजूने सडलेला होता. "वरचे पाहायला असतात जी, आणि खालचे खायला. आम्ही खाणारे आहोत." त्याने मुकाट्याने दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं.

ते कारल्याचं तोंड आमच्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध होतं. त्याला सगळे 'निकाल' म्हणत. अहवाल नंतर टाइप व्हायचा, निकाल आधी लागायचा.

आमचा कारखाना हडपसरच्या पुढे आहे. शिजवलेली खिचडी, डाळभात पाकिटात बंद करून विकतो. पाकीट गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की जेवण तयार. पाकिटाची कड नीट चिकटलेली असेल तर ते वर्षभर टिकतं. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तर आठवड्याभरात आत जे तयार होतं त्याला खिचडी म्हणता येत नाही. पाकीट टम्म फुगतं. फोडल्यावर काय होतं ते सांगत नाही, वाचणारे जेवायचे असतील.

मला मात्र बाईंनी पहिल्याच दिवशी फोडायला लावलं होतं. अडतिसाव्या वर्षी, मुलं मोठी झाल्यावर, बी.एस्सी.ची जुनी पदवी घेऊन मी नोकरीला लागले. शनिवार पेठेतून दोन बस बदलून पोचले, तर समोर ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, सुती साडीवर पांढरा कोट घातलेल्या एक बाई. नमस्कार-चमत्कार नाही. त्यांनी एक फुगलेलं पाकीट आणि कात्री पुढे सरकवली.

"काप."

मी कापलं आणि बेसिनकडे पळाले. परत आले तेव्हा बाई समाधानाने माझ्याकडे पाहत होत्या. "बरं झालं. तुला किळस येते. तुझ्या आधीच्याला येतच नव्हती, मी त्याला परत पाठवला. किळस हे आपलं पहिलं यंत्र आहे, सुलभा. बाकीची कंपनी विकत आणते."

संख्याशास्त्राचं मला भय होतं. द्विपद वितरणाचं सूत्र मी कॉलेजात पाठ केलं होतं, पेपरात उतरवलं होतं आणि परीक्षेच्या दारातच टाकून आले होते. बाईंनी फळ्यावर सूत्र लिहिलंच नाही. त्या म्हणाल्या, "दिवसाला दोन हजार पाकिटं निघतात. सगळी कापून पाहशील तर विकशील काय? म्हणून वीस पाहायची. आणि वीस पाहून दोन हजारांबद्दल बोलायचं. केवढा उद्धटपणा आहे हा, समजून राहिली का तू? तो करायचा तर काही अटी पाळाव्या लागतात."

अटी त्या बोटांवर मोजायच्या. करंगळी: किती पाहणार ते आधी ठरव, मनासारखं आलं म्हणून मध्येच थांबायचं नाही. दुसरं बोट: निकाल दोनच, गळतं किंवा गळत नाही, "जरासं गळतं" हा निकाल नाही. तिसरं: गळण्याची शक्यता प्रत्येकाची सारखी. चौथं: एका पाकिटाचं नशीब दुसऱ्यावर अवलंबून नको. मग त्या अंगठा वर करायच्या. "आणि हा नसला तर चारही बोटं फुकट. उचलणारा हात आंधळा पाहिजे."

मग त्यांनी हा डबा काढला. आत एक हजार वाटाणे: साडेनऊशे पांढरे, पन्नास काळे. काळा म्हणजे गळकं पाकीट. जेवणाच्या सुट्टीत रोज दहा वेळा डबा हलवायचा, डोळे मिटून मूठ भरायची, पहिले वीस मोजून घ्यायचे, काळे किती ते लिहायचं आणि सगळे परत टाकायचे. अडतीस वर्षांची दोन मुलांची आई मी, दहा दिवस वाटाणे मोजत बसले. शेजारच्या विभागातले लोक दारातून डोकावून विचारायचे, "बर्वेबाई, उसळ कधी?"

दहाव्या दिवशी शंभर खेपा झाल्या. चौतीस वेळा एकही काळा आला नव्हता. चाळीस वेळा एक, सतरा वेळा दोन, आठ वेळा तीन, एकदा चार. बाईंनी टेबलाच्या खणातून एक घडी केलेला कागद काढला. पहिल्या दिवशीच त्यांनी सूत्राने आकडे काढून ठेवले होते: छत्तीस, अडतीस, एकोणीस, सहा, एक. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मूठ माझी, डोळे मिटलेले माझे, आणि ही बाई दहा दिवस आधी जवळपास तेच लिहून बसलेली.

"एकचा ढीग शून्यापेक्षा मोठा काऊन?" त्यांनी विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. "कारण काळा एकच यायचे वीस मार्ग आहेत. पहिला काळा असेल, नाहीतर दुसरा, नाहीतर विसावा. एकही न येण्याचा मार्ग एकच: सगळे पांढरे. आता मला सांग, शंभरात पाच पाकिटं कुजकी असली तरी वीस पाहणाऱ्याला काहीच न सापडणं किती वेळा होते?"

"शंभरात छत्तीसदा."

"तीनात एकदा! आणि तो माणूस घरी जाऊन सांगतो, माल स्वच्छ आहे." निकालाचं तोंड झालं. "शून्य म्हणजे सापडलं नाही. नाही असं नाही. साठ पाहिली तर ही चूक शंभरात पाचदाही होत नाही. पण साठ पाहायला कंपनीला जड जाते."

सूत्र मी त्या दिवशी पुन्हा लिहिलं आणि नंतर कधी विसरले नाही.

याच दिवसांतली दुसरी एक गोष्ट लिहायला हवी. बाई बौद्ध होत्या, भंडाऱ्याकडच्या, नागपूरला वाढलेल्या. डब्यात बहुतेक पाटवडीचा रस्सा आणायच्या आणि रोज माझ्यापुढे करायच्या. त्यांनी डबा पुढे केला की माझा उपवास असायचा. कधी चतुर्थी, कधी गुरुवार, कधी नुसताच. खरं कारण मला माहीत होतं. आमच्या घरात ते कोणी तोंडाने बोलत नसे; ते हाताला शिकवलेलं होतं, ताटाजवळ जाताना हात आपोआप मागे यायचा.

महिन्याभराने एका दुपारी बाईंनी डबा उघडला, पुढे केला नाही, आणि वाटाण्यांच्या वहीचं मागचं पान माझ्यापुढे ठेवलं. त्यावर रेघा ओढलेल्या होत्या.

"अठरा वेळा डबा पुढे केला, अठराही वेळा तुझा उपवास. चार दिवस मी डबा आणला नाही, त्या चारही दिवशी तू जेवलीस. शिपायाने सामोसे वाटले, ते चतुर्थीला खाल्लेस." आवाजात राग नव्हता, गळतीचा अहवाल वाचावा तसं वाचत होत्या. "तुझा उपवास माझ्या डब्यावर अवलंबून आहे, सुलभा. चौथी अट मोडली."

मी हात पुढे केला, डबा घेतला आणि जेवले. रस्सा जहाल होता. बाई शांतपणे ताक पीत होत्या. ग्लास ठेवून म्हणाल्या, "किळस येऊ दे, यंत्र चांगलं आहे तुझं. पण ते कशावर लागते ते तपासत जा. यंत्र चुकीचं लावलेलं असलं तर चांगल्या मालाला नापास करते."

त्यानंतर साडेचार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मी त्यांना थालीपीठ खायला घातलं. त्यांना ते आवडलं नाही आणि तसं त्यांनी सांगितलं.

आता आठ वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. बाई दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीला गेल्या आणि तिकडेच आई आजारी पडल्यामुळे जवळजवळ महिनाभर अडकल्या. नमुने काढायचं काम माझ्याकडे आलं. बाईंची पद्धत अशी की एक ते दोन हजार आकड्यांच्या चिठ्ठ्या एका बरणीत ठेवायच्या, रोज सकाळी वीस काढायच्या आणि त्या त्या क्रमांकाची पाकिटं पट्ट्यावरून उचलायची. मला ही पद्धत पहिल्यापासून गबाळी वाटायची. एखाद्या दिवशी सहाशे अकरा आणि सहाशे तेरा, म्हणजे लागोपाठ धावायचं. मग तास-तासभर काही नाही. मग ऐन जेवणाच्या वेळी तीन. मी व्यवस्थित बाई आहे. माझ्या घरात चमचेसुद्धा एका दिशेला तोंड करून असतात. मी चिठ्ठ्यांची बरणी कपाटात ठेवली आणि नवी पद्धत काढली: दर शंभरावं पाकीट. शंभर, दोनशे, तीनशे, बरोबर दोन हजारापर्यंत वीस. तक्ता सुंदर दिसू लागला. उत्पादनाचे प्रमुख सरपोतदार साहेब म्हणाले, "बर्वेबाई, याला म्हणतात पद्धत! नाहीतर ती रोजची लॉटरी." मला बरं वाटलं. वीस दिवस मी रोज वीस पाकिटं पाण्याच्या टबात दाबून पाहिली. बुडबुडा नाही. वीस दिवसांत एकदाही नाही. मी रोज शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

बाई परत आल्या त्या दिवशी दुपारी त्यांनी नोंदवही उघडली. पानं उलटत गेल्या आणि चेहरा बदलत गेला. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"वाटाण्यांत लागोपाठ वीस वेळा शून्य आलं होतं का गं?"

"नाही. पण यंत्र चांगलं चाललंय सध्या."

"हे यंत्र मी नऊ वर्षं पाहून राहिली. त्याच्या चांगल्यात चांगल्या दिवसांत शंभरात एक गळते. तेवढं चांगलं धरलं तरी वीस दिवस लागोपाठ शून्य येणं शंभरात दोनदाही घडत नाही. पाकिटं कशी उचललीस?"

मी अभिमानाने सांगितलं. बाईंनी वही मिटली. "यंत्राला जबडे किती?"

पाकिटाची कड दाबून चिकटवणारे चार जबडे यंत्राला होते. पाकिटं ओळीने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जबड्यातून जायची आणि मग पुन्हा पहिल्या. प्रत्येक जबडा आपला क्रमांक पाकिटाच्या कोपऱ्यात उमटवायचा. शंभराला चाराने भाग जातो. माझं शंभरावं, दोनशेवं, हजारावं, प्रत्येक पाकीट चौथ्या जबड्याचं होतं. चौथा जबडा महिन्यापूर्वीच नवा बसवलेला होता. बाकीच्या तिघांकडे मी वीस दिवस पाहिलंच नव्हतं. माझा हात आंधळा नव्हता. तो एकाच ठिकाणी बघणारा होता, आणि मी त्याला शिस्त म्हणत होते.

बाईंनी मला गोदामात नेलं. चिठ्ठ्या काढून साठ पाकिटं उचलली. तीन गळकी निघाली, तिन्हींच्या कोपऱ्यात तीनचा आकडा. मग नुसती तीन नंबरची वीस घेतली, चार गळली. "पाचात एक," त्या पुटपुटल्या. "म्हणजे सगळ्या मालात शंभरात पाच. वाटाण्यांचा डबाच झाला हा." पंधरा दिवसांपूर्वीच्या एका खोक्यात त्यांनी तळापर्यंत हात घातला आणि एक फुगलेलं पाकीट वर काढलं. "घे वास." कापायची गरज नव्हती. मी गोदामाच्या भिंतीला धरून ओकले.

त्याच गोदामाच्या फलाटावर एक ट्रक भरत होता. आदिवासी मुलींच्या वसतिगृहांसाठी माल चालला होता, माझ्या वीस दिवसांतला. दुसरा ट्रक उद्या निघायचा होता. ट्रकबरोबर प्रयोगशाळेचा कागद जातो, आणि त्या कागदावर माझी सही झालेली होती. सरपोतदार साहेबांनी बाईंचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची साठ पाकिटं कोणत्या नियमात बसतात? नियमाने नमुना वीसचा. तो पास आहे. बर्वेबाईंची सही आहे. त्यांनी सही मागे घेतली तर ट्रक थांबवतो. पण मग वीसही दिवसांच्या सह्या मागे घ्याव्या लागतील, तेही बघा." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं आणि बाईंनाही.

बाहेर येऊन बाईंनी कागद माझ्या हातात दिला. "सही तुझी आहे. मी खोडू शकत नाही. तू खोड."

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. पावणेसहाला कंपनीची बस सुटायची. मी म्हटलं, "उद्या सकाळी बघू या का, मॅडम? आत्ता बस चुकेल."

ही माझी वाक्यं आहेत. मी ती बदलून लिहू शकले असते.

बाईंनी निकालाचं तोंड केलं. ते मी आधी शेकडो वेळा पाहिलं होतं. माझ्याकडे बघून केलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मी कागद न खोडता फलाटावर परत दिला आणि बसमध्ये बसले. मगरपट्ट्याच्या सिग्नलला आमच्या शेजारी तोच ट्रक येऊन उभा राहिला. सिग्नल हिरवा होईपर्यंत मी मोबाइलमध्ये बघत होते.

दुसरा ट्रक मात्र गेला नाही. त्याचा कागद अजून व्हायचा होता; बाईंनी प्रयोगशाळेचे सगळे कोरे कागद खणात घातले, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. सकाळी सरपोतदार ओरडत आले तेव्हा म्हणाल्या, "कुलूप तोडा जी, आणि तोडल्याचं लिहून द्या." त्यांनी तोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका वसतिगृहातून फोन आला. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी बरीच पाकिटं वासावरूनच बाजूला काढली होती, पण सगळी नाही. नऊ मुलींना उलट्या झाल्या, रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळ्या बऱ्या होऊन परत आल्या. हे वाक्य मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्याने काही फरक पडत नाही.

चौकशी झाली. अहवाल बाईंनी लिहिला: नमुना घेण्याची पद्धत सदोष होती, दर शंभरावं पाकीट एकाच जबड्याचं येत होतं, जबाबदारी प्रयोगशाळाप्रमुखाची. माझं नाव कुठेच नव्हतं. प्रमुख त्या होत्या. मी त्यांना विचारलं, "मॅडम, माझं नाव का नाही?" त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मी तुला खोड म्हटलं तेव्हा तू खोडलं नाही. आता मी लिहू? स्वतःचं नाव स्वतः लिहायचं असते."

मी लिहिलं नाही. माझ्या कायम होण्याचा कागद डिसेंबरात आला. बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि फेब्रुवारीत नागपूरला गेल्या. जाताना हा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "मोजून घे. हजार आहेत. नवीन मुलांना शिकवावं लागेल तुला." मी मोजले नाहीत. घरी आणून माळ्यावर टाकला.

मी प्रमुख झाले. शिकवायला पडद्यावर दाखवायची चित्रं आली, डब्याची गरज उरली नाही. त्या चित्रांत सोळाव्या क्रमांकावर आमच्या कारखान्यातली ती चूक आहे, चार जबडे आणि शंभरावं पाकीट, आणि वर शीर्षक आहे: 'रामटेके एरर'. ते कोणी ठेवलं माहीत नाही. अहवालाखालचं नाव बघून कोणीतरी ठेवलं असणार. आता तो आमच्याकडे रोजचा शब्द झाला आहे. ठरावीक अंतराने कोणी काही उचललं की तरुण मंडळी हसत म्हणतात, "मॅम, इथे रामटेके होतोय हं." ज्या बाईने चूक पकडली तिचं नाव चुकीला, आणि जिने केली ती दर वर्षी हातात काठी घेऊन ते नाव पडद्यावर दाखवते. आठ वर्षं. मी एकदाही अडखळले नाही.

काल मुलीने, प्रज्ञाने, आधी बाकीचं सांगितलं: झोपेतच गेल्या, पुण्यानुमोदन मागच्या रविवारी झालं, आईच्या वहीत तुमचा नंबर सापडला. मग तिने विचारलं, "काकू, एक विचारू? आईच्या हातून तिकडे काही चूक झाली होती का? पुण्याचे कोणी भेटले की विचित्र बोलतात. आई कधी काही बोलली नाही."

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय गं तुझा. नंतर करते."

आवाज स्पष्ट येत होता.

डबा आता गरम पाण्याने आणि सोड्याने तीनदा घासला आहे. वास गेला. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एक किलो पांढरे आणि पाव किलो काळे वाटाणे आणले. पोत्यात खालपर्यंत हात घातला तर वाणी म्हणाला, "काकू, वरचेपण त्याच पोत्यातले आहेत." मी म्हटलं, "बघू दे की मग." जेवणानंतर टेबलावर मोजायला बसले. नवऱ्याने काळे पन्नास मोजून दिले आणि पांढऱ्यांच्या वेळी त्याला झोप आली.

१० ऑगस्ट, सोमवार. सकाळी आठला प्रज्ञाला फोन लावला. "परवा आवाज तुटत नव्हता," मी म्हटलं. "चूक झाली होती. ती माझी होती. तुझ्या आईने ती शोधली आणि स्वतःच्या नावावर घेतली." आणि मग बस, सही, ट्रक, नऊ मुली, सगळं ओळीने सांगितलं. ती म्हणाली, "हे लिहून द्याल?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला. नमस्कार म्हटला नाही, आणि ते बरोबर होतं.

दहा वाजता नव्या सहा जणांचा वर्ग होता. त्याआधी सोळाव्या चित्राचं शीर्षक बदललं. ते पडद्यावर आल्यावर मागून एक जण म्हणाला, "मॅम, टायपो आहे. ते रामटेके पाहिजे ना? इथे बर्वे एरर झालंय."

"टायपो नाही. बर्वे म्हणजे मी. रामटेकेबाईंनी ती पकडली. खाली बघा, नऊ मुली लिहिलंय, तेही उतरवून घ्या."

कोणी हसलं नाही. मी पडदा बंद केला आणि डबा टेबलावर ठेवला. पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे बोलावलं. तिने डबा हलवला, डोळे मिटले, मूठ भरली, वीस मोजले. सगळे पांढरे.

"झीरो, मॅम," ती खूश होऊन म्हणाली. "माल क्लीन आहे."

माझं तोंड आपोआप वाकडं झालं असणार, कारण ती घाबरली.

"परत टाक," मी म्हटलं. "आणि अजून नव्याण्णव वेळा काढ."